रोझीच्या पायातली दोरी

आमच्या खोलीत मार आणि जेवण दोन्ही चुलीपाशीच मिळायचं. दादा हाताने मारायचा. आई हातात असेल त्याने मारायची, म्हणजे उलथन्याने, फुंकणीने, आणि एकदा तर चक्क ओल्या बांगड्याने. बांगड्याचा मार कोणाला खोटा वाटेल, पण शेपटीकडे धरून गालावर बसला की कानापर्यंत वाजतो आणि वर खवले चिकटतात ते वेगळेच. आम्ही त्याला मार म्हणतही नसू. 'दिलं' म्हणायचो. "आज विमलला दिलं का?" शेजारीण विचारायची, आणि आई कांदा चिरता चिरता सांगायची, "दिलं की, सकाळीच दिलं." जसं काही दुधाचं माप घातलं. खोलीच्या मागे मिठागरं होती. उन्हाळ्यात तिकडून वारा सुटला की ओठ खारट व्हायचे. ओठ फुटलेला असला तर तोच खारेपणा असा चरचरायचा, की दादाने सकाळी दिलेलं संध्याकाळपर्यंत पुरायचं.

आता मला काहीच दिसत नाही, उजेड-अंधारही नाही. पण तेव्हा दिसायचं, आणि सगळी भानगड त्यानेच केली. नळीला डोळा लावून बघावं तेवढंच दिसे. समोर धरलेल्या तांदळातला बारीक खडा मी टिपायची, पण शेजारी उभी असलेली म्हैस मला दिसत नसे. दिवे लागले की खडाही जायचा आणि म्हैसही. डॉक्टरने रोगाचं नाव इंग्रजीत सांगितलं, ते आईने बसस्टॉपपर्यंत लक्षात ठेवलं. मग स्वतःचं औषध सुरू केलं, मुशी माशाच्या लिव्हरचं तेल. एका हाताने माझं नाक दाबायचं, दुसऱ्याने चमचा घशात ओतायचा, आणि ओकले तर पाठीत धपाटा. तेल पिऊनही मी वाटेतल्या घागरी फोडायची. "खडा बरा दिसतो मेलीला! एवढी घागर नाही दिसत गो तुला?" दादाची परीक्षा आणखी सोपी. बाजूने चप्पल फेकायची. लागली तर आंधळी, चुकवली तर नाटकी. दोन्ही निकालांत चप्पल मलाच.

त्या नाटकी मुलीला कोणीतरी मुंबईच्या अंधशाळेत घातलं, आणि शिकून ती परत भाईंदरला आली ती 'हक्क' हा शब्द घेऊन. काय सांगू त्या मुलीबद्दल! आज समोर आली तर मीच तिला बांगड्याने देईन. डोळ्यांना काळा चष्मा, त्याने जे थोडं दिसायचं तेही काळवंडायचं, पण ऐट केवढी. माशाचा डोक्याकडचा तुकडा माझा हक्क आहे, मोरीत आधी जायचा माझा हक्क आहे, असं ताटावरून सुद्धा भाषण. आईने एकदा शांतपणे विचारलं, "आणि भांडी घासायचा हक्क कोणाचा गो?" तर मी म्हणाले, तो विषय आमच्या संघटनेने अजून घेतलेला नाही. संघटना म्हणजे गजानन, मी, आणि एक पेटीवादक, जो चहाच्या वेळेलाच उगवायचा. गजानन एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होता, पूर्ण अंध, आवाज असा की फोन उचलणाऱ्याने उभं राहावं. चंदनाच्या पावडरीचा वास यायचा त्याला. मी त्या वासाच्या प्रेमात होते आणि समजत होते की मी चळवळीच्या प्रेमात आहे. पुढे त्याने एका शाळेतल्या गाण्याच्या बाईंशी लग्न केलं. मी पंगतीत जिलेबी वाढली, आणि त्याच्या बायकोच्या पानात जरा जळकी टाकली.

तर मार्था. मार्था बाजारात बोंबील विकायची. उत्तनच्या बाजूचं गाव तिचं. नाव सांगत नाही, कारण तिथली मासळी मला अजून खायची आहे. तारोडी-चौककडे जाणारी बस ज्या रस्त्याने जाते त्याच रस्त्यावर कुठेतरी आहे असं समजा. मी बोंबील उचलून नाकासमोर आणून बघायची. इतर कोळणी खेकसायच्या, मार्था मात्र एक दिवस हळूच म्हणाली, "बाय, तुला दिसं न्हाय ना नीट? माजे पोरीला कायच दिसं न्हाय. रोझी. सात वरसांची हाय." मग टोपलीवर वाकून, "सासू तिला दोरीनं बांधून ठेवते. मोठा पोर आमचा खाडीत बुडून गेला. म्हनून. मी बाजारात येते ना. हिला कोन बघंल? तुज्या शालेत घेतील तिला?"

मी तिथेच, माशांच्या पाण्यात उभी राहून, हक्कावर बोलायला लागले. मार्थाने मला बोंबलाचा एक वाटा जास्त दिला, बहुतेक गप्प करण्यासाठी. ठरलं असं की रविवारी चर्चची मिस्सा झाल्यावर मी आणि गजाननने जायचं. मार्था देवळातून येईल (चर्चला ती देऊळच म्हणायची), सासूला आमच्यासमोर सांगेल. नवरा तिचा बोटीवर गेलेला, तो असता तर बोलताच आलं नसतं. घरात दीर होता, पास्कू, पण तो दुपारपर्यंत झोपतो, असं मार्था म्हणाली. पोरीला दोरीतून सोडवायचं आणि शाळेत घालायचं, एवढंच काम.

रविवारी निघताना दादा दारात. "कुठे? त्या आंधळ्याबरोबर? गावभर?" मी म्हणाले, फिरणं हा माझा... पुढचा शब्द तोंडातच राहिला. त्याने असं दिलं की पुढचा दात माझ्या जिभेवर आला. मी तो दात त्याच्या सदऱ्यावर थुंकले आणि त्याच्या बगलेखालून बाहेर पडले. मागे आई ओरडत होती, कोणाला ते कळलं नाही, बहुधा दोघांनाही. गजाननला बसस्टॉपवर मी काही सांगितलं नाही. बोलताना शिट्टी वाजत होती. तो म्हणाला, "विमलताई, सर्दी झालीय का?"

आणि इथे माझ्या अकलेचे दिवे बघा. बसमधून उतरल्यावर टपरीवर मी लिमलेटच्या गोळ्यांची अख्खी पुडी घेतली, रोझीसाठी. पण गावात शिरल्याबरोबर पोरं मागे लागली, माझा चष्मा आणि गजाननची पांढरी काठी बघायला. मला आपण फार लोकप्रिय झाल्यासारखं वाटलं. मी एकेकाला गोळी देत चालले, आणि देताना विचारत होते, "ती आंधळी मुलगी कुठे राहते रे? ती घरात एकटीच असते का?" आता सांगा, त्या दिवसांत भाईंदरपासून घोडबंदरपर्यंत पोरं पळवणाऱ्या टोळीची आवई उठलेली. आजकाल ती मोबाईलवर येते, तेव्हा बाजाराच्या टोपल्यांतून यायची. टोळी पोरांना गोळ्या देते, डोळे फोडते आणि भीक मागायला बसवते. आम्ही दोघं काय होतो? एक आंधळा पुरुष, एक काळ्या चष्म्याची अनोळखी बाई, हातात गोळ्या. टोळीला नमुना हवा असता तर आमचाच फोटो लावला असता. गजानन दोनदा म्हणाला, "ताई, मार्थाबाई येईपर्यंत थांबू या देवळापाशी." मी म्हणाले, आपण काय चोर आहोत?

अंगणात बांबूच्या वळणीवर बोंबील सुकत होते. त्या वासात, त्यांच्याखाली, रोझी बसली होती. मला ती तुकड्यातुकड्यांनीच दिसली. आधी पाय. घोट्याला जाळ्याची निळी दोरी, तिच्याखाली कातडी सोलून गुलाबी झालेली, त्यावर माश्या. दोरीवरून नजर नेत नेत गेले तर दुसरं टोक खांबाला. मग हात, उलट्या पातेल्यावर ताल धरलेला. मग तोंड, आमच्या पावलांकडे वळलेलं. "कोन हाय?" ती म्हणाली, घाबरून नव्हे, हुकमाने. मी खाली बसून गाठ सोडायला लागले. गजाननने खांदा धरला, "आईला येऊ दे." मी ऐकलं नाही, गाठीला नखं लावली. घरातून म्हातारीची किंकाळी आली. "पोर पळवतात! पास्कू रं! पोर न्यालाय आयले!"

पहिला दगड वळणीला लागला. लोक कुठून आले, किती आले, मला सांगता येणार नाही. मी ती मारामारी नळीतून पाहिली. एक मूठ. एक सोन्याचा क्रॉस, छातीवर उडणारा. एक उघडं तोंड. "आंधली न्हाय ती, सोंग हाय!" कोणीतरी चष्मा ओढला, कानापाशी चरकन सोललं. समोरून सुका मासा की काय भिरकावला, आणि माझं मेलीचं नशीब, तो नेमका नळीत आला. मी मान वाकवली. "चुकवलान! दिसतंय हिला!" झालं. दादाची परीक्षा सगळ्या गावाने घेतली आणि मी उत्तीर्ण झाले.

गजाननचा आवाज येत होता, त्याच फोनवरच्या सुरात, "आपण बसून बोलू, कृपा करून बसून बोलू." मग काठी मोडल्याचा आवाज, मग तीच अर्धी काठी त्याच्या पाठीवर वाजल्याचा, आणि मग तो सूर एकदम बंद झाला. तो बंद झाला त्याची मला जितकी भीती वाटली तितकी पुढे कशाचीच वाटली नाही. मी चप्पल काढली आणि आवाजाच्या दिशेने हाणत सुटले. पहिले दोन फटके गजाननलाच बसले, त्याने नंतर हिशोब करून सांगितलं. मग एका हाताने माझी वेणी मनगटाला गुंडाळली आणि मला वाळूवरून फरफटत खांबापासून दूर न्यायला लागला. तो पास्कू, मार्थाचा दीर. माझ्या नळीत त्याचा दंड आला, घामाने चकाकणारा. मी त्यात दात रोवले आणि डोळे मिटले. तो गुरासारखा ओरडला, मला लाथा घातल्या. मी सोडलं नाही. रक्त तोंडात आलं, मिठागरासारखं खारट. रोझी मागे पातेलं बडवत होती आणि खिदळत होती. तिला वाटलं वरात आली.

मार्था आली ती पांढऱ्या साडीत, देवळातून. ती गर्दीशी बोललीच नाही. मासे कापायचा कोयता उचलला, सरळ खांबापाशी गेली आणि एका घावात दोरी तोडली. मग वळली. "मी बोलावलंय त्यांना. मारायचंय तं मला मारा." तुम्हाला वाटेल, गर्दी ओशाळली असेल. सासूने पुढे येऊन तिच्या थोबाडीत मारली, पास्कूने मला झटकून तिच्या पोटात लाथ घातली. आता हे घरातलं भांडण झालं होतं, म्हणून बाकीचे मागे सरले. घरातलं भांडण कोणी सोडवत नाही, हे मी आमच्या खोलीतच शिकले होते. मार्था पोरीला पोटाशी धरून वाकली आणि पाठीवर झेलत राहिली. कोयता हातात होता, पण तिने तो वापरला नाही. मी वापरला असता.

पाद्रीबाबांनी बोलावलेला हवालदार आम्हाला सगळ्यांना चौकीत घेऊन गेला. बाकड्यावर एका टोकाला पास्कू, म्हातारी, दुसऱ्या टोकाला आम्ही. पास्कू म्हणाला, आम्ही कोणाला हात लावला नाही, पोर गादीवर झोपते, दोरी कसली? हे दोघे आपापसात मारामारी करत होते. आणि पोर आमच्या घराची, ती आम्ही नेणार.

हवालदाराने गजाननला विचारलं, "तुम्हाला कोणी मारलं? दाखवा."

"मी अंध आहे, साहेब."

"मग दिसलं नाही तर साक्ष कसली देता?"

गजाननचं तोंड सुजून भाकरी झालेलं. तरी तो म्हणाला, "साहेब, मार डोळ्याला नाही लागला, तोंडाला लागलाय. तोंड शाबूत आहे तेवढं सांगतं."

हवालदार माझ्याकडे वळला. "बाई, तुला दिसलं?"

"दिसलं. दोरी दिसली, घोट्याची जखम दिसली."

"मग तू आंधळी कशी? म्हणजे हे बरोबर बोलतात. सोंग आहे."

बघा पेच. गजाननला दिसत नाही म्हणून तो खोटा, मला दिसतं म्हणून मी खोटी. आमच्यासारख्यांनी खरं बोलण्यासाठी किती दिसायला हवं, हे कोणी ठरवलेलंच नव्हतं. अजून ठरलंय का? परवाच मीरा रोडला मला एका कचेरीतल्या मुलाने विचारलं, "आजी, पूर्ण दिसत नाही की थोडं?" मी म्हणाले, "बाळा, तुझं टेबल दिसत नाही, पण तू मोबाईल खेळतोयस ते ऐकू येतंय." तिथे बाहेर फूटपाथवर आमच्यासाठी पिवळ्या खरखरीत फरशा घातल्यात. काठीने त्यांच्यावरून गेलं की थेट विजेच्या खांबाला जाऊन भिडतो आपण. असो.

चौकीत मला भाषण सुचलं नाही. मी उठले, चाचपडत पास्कूपाशी गेले आणि म्हणाले, "साहेब, मी आंधळी समजा नाहीतर डोळस समजा. याची बाही वर करा. दंडावर माझे दात आहेत. पुढच्या एका दाताची जागा रिकामी असेल." आणि मी तोंड उघडून दाखवलं. सकाळी दादाने पाडलेला दात संध्याकाळी असा उपयोगी पडला. हवालदाराने बाही वर केली, माझ्या जबड्याकडे पाहिलं, पुन्हा दंडाकडे पाहिलं, आणि असा हसला की टेबलावरचा चहा सांडला. मग हसणं थांबवून रोझीचा पाय स्वतः हातात घेऊन पाहिला. आणि उठून पास्कूच्या कानाखाली दिली. तक्रार काही त्याने लिहून घेतली नाही. "पोर आईची," एवढंच म्हणाला. "आई नेईल तिकडे जाईल."

"मंग घरात पाय ठेवायचा न्हाय," म्हातारी मार्थाला म्हणाली.

म्हणून त्या दोघी आमच्या खोलीत आल्या. दार उघडणारा दादाच. माझा अवतार बघून तो म्हणाला, "कोणी मारलं तुला?" जन्मात पहिल्यांदा त्याने 'दिलं' न म्हणता 'मारलं' म्हटलं. कोपऱ्यातली पहार घेऊन तो उत्तनला निघालाच. मी दारात आडवी उभी राहिले, सकाळी तो उभा होता तशी. "दात कोणी पाडला तेही विचार की," मी म्हणाले. पहार खाली ठेवल्याचा आवाज आला. त्याने माझ्यावर हात उचलला नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही. तो सुधारला असं मी म्हणत नाही. बहुतेक माझे दात बघून घाबरला.

आईने मार्थाला गरम पाण्याने शेकलं, रोझीच्या घोट्याला हळद लावली, आणि पेजेत तुपाची धार सोडून पोरीला भरवलं. मला ती असं कधी भरवत नसे. सकाळी जाग आली ती रोझीच्या ओरडण्याने. आईने आपली जुनी मऊ साडी फाडून तिची दोरी केली होती, आणि पोरीला कमरेशी कॉटच्या पायाला बांधलं होतं. गाठ पक्की, पण खाली फडकं घालून, टोचू नये म्हणून.

"अगो, बाहेर गटार आहे," आई म्हणाली. "मागे मिठागराचं पाणी आहे. मरेल ना ती! मी काय दुष्टपणाने बांधलंय?"

तिचा आवाज कापत होता. उत्तनच्या म्हातारीचाही असाच कापत असेल का, नातू खाडीत गेल्यानंतर, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. तेव्हा मी फक्त कात्री शोधली आणि साडी कापली.

रोझी उठली. खांबाभोवतीच चालायची सवय तिला, म्हणून आधी कॉटभोवतीच एक गिरकी घेतली. मग दारातून येणारा वारा तोंडाला लागला तशी तिकडे वळली, उंबरा ओलांडला, आणि धाडकन गटारात पडली. कपाळ दगडावर आपटल्याचा आवाज मी खोलीतून ऐकला. आईने फिरून माझ्या मुस्कटात इतक्या जोरात दिली की माझ्या नळीत पांढरं झालं. "घे तुझा हक्क!" ती रडत ओरडली. "घे, मारलंस पोरीला!" आणि ती गटाराकडे धावली.

मार्था जागची उठली नाही. तिने चहाचा कप बशीत ठेवला. "मावशी, थांबा," ती म्हणाली. "पडू दे तिला. पडू दे."

आई दारातच थांबली. गटारात आधी काहीच आवाज नव्हता. मग रोझीने एक अशी कोळी शिवी हासडली की शेजारच्या खोलीतला स्टोव्ह बंद झाला. मग पाण्यात उभं राहिल्याचा आवाज, आणि मग तोच हुकमी सूर, "पुढं काय हाय?"

मी तोंड उघडणार तोच आई बोलली, नाक ओढत, पदराने डोळे पुसत. "पुढे पायरी आहे गो. उंच आहे. उजवा पाय उचल."

रोझीने उजवा पाय उचलला.